सेंट लुईस: हुकलेले भाकीत

अमेरिकेतील उद्याची सर्वांत मोठी शहरे कोणती, हे बहुधा आजच्या वाढीची रेघ पुढे ओढून ठरवले जाते. सेंट लुईसबाबत नेमके हेच घडले. मिसिसिपीकाठचे हे शहर १८७० च्या जनगणनेत देशात चौथे होते, लोकसंख्या ३,१०,८६४. (आकडा फुगवल्याचा संशय पुढे बळावला, तो भाग वेगळा.) त्याच वर्षी लोगन रीव्हिस या पत्रकाराने त्याला जगाचे भावी महानगर ठरवणारा ग्रंथ प्रसिद्ध केला, राजधानीही वॉशिंग्टनहून तेथे हलवावी, असा त्याचा आग्रह होता.

१८८० पर्यंत शिकागो रेल्वेच्या बळावर पुढे निघून गेले. पण अधिक खोल घाव शहराने स्वतःच घातला. १८७६ मध्ये ते आपल्या कौंटीपासून विभक्त झाले आणि त्याची हद्द गोठली. विसाव्या शतकात उपनगरे फुगली, शहर आटले. २०२० मध्ये तेथे ३,०१,५७८ लोक उरले.

त्याच जनगणनेत फिनिक्सने फिलाडेल्फियाला मागे टाकून पाचवे स्थान मिळवले. भोवतालची जमीन हद्दीत घेत गेल्यानेच हे साधले. क्रमवारीत हद्दीची रेषा वाढीच्या वेगाइतकीच निर्णायक ठरते. मात्र फिनिक्सच्या भवितव्यावर पैज लावणाऱ्यांनी पाणीही मोजावे. २०२३ मध्ये ॲरिझोना राज्याने त्या परिसरात केवळ भूजलावर विसंबणाऱ्या नव्या वसाहतींना मंजुरी देणे थांबवले.