काचेवरची प्रार्थना

‘संगणकावर काढलेले चित्र वेदीजवळ नको, त्यात प्रार्थना नसते,’ असा आक्षेप आमच्या धर्मग्रामात घेतला जातो. मग घरोघरी भक्तिभावाने लावलेल्या, छापखान्यातून आलेल्या तसबिरी कोणी हाताने रंगविल्या? त्र्यंबकेश्वरी १८७० मध्ये जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी प्रभू येशूच्या जीवनावरील मूकपट पाहिला आणि त्याच पडद्यावर त्यांना मनश्चक्षूंनी श्रीकृष्ण दिसला. १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ अवतरला. यंत्र श्रद्धेच्या आड आले नाही. पन्नाशीनंतर मी काचेवर रेघ ओढावयास शिकलो. तेथे चूक एका स्पर्शाने पुसता येते, हे खरे. परंतु मरियामातेचा कष्टकरी चेहरा मी चाळीस वेळा पुसला. त्या पुसण्याला प्रार्थना म्हणावयाचे नाही, तर कशाला म्हणावयाचे?