एका खिशांतली सहल

पाऊस उणावला, शनिवार-रविवारास जोडून एखादी सुटी आली, कीं आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील पुष्कळ कुटुंबें भंडारदऱ्याची वाट धरतात. संगमनेर, अकोलें, राजूर करीत गाडी रंध्याच्या धबधब्यापाशीं थांबते. तेथून शेंडी, आणि मग १९२६ सालीं पुरें झालेलें प्रवरेवरील तें दगडी धरण. लहानांस धबधबा, थोरांस गरम भजीं व भाजलेलें कणीस, आणि जुन्या शिल्पाची आवड असेल त्यास रतनवाडीचें अमृतेश्वराचें देऊळ. इतकें सर्व पूर्वीं होतें तसेंच आजही आहे. पालटलें आहे तें निराळेंच. पूर्वीं सहलीचें सामान घरांतील दहा हातांत वांटलेलें असे. आज तें एका खिशांत मावतें. या पालटाचें कौतुक पुष्कळांनीं केलें आहे, आणि त्यांत खोटें कांहीं नाहीं. परंतु त्या खिशाबाहेर जे उरतात त्यांचें काय होतें, याविषयीं फारसें कोणी बोलत नाहीं. म्हणून आम्हीं आज तोच विषय घेतला आहे.

पालकहो, जुन्या सहलीचें सामान क्षणभर आठवून पाहा. स्टोव्ह आईच्या स्वाधीन. त्यास पिन कशी मारावी आणि हवा किती भरावी हें तिला ठाऊक, व तिचें पाहून थोरल्या मुलीला. ट्रॅन्झिस्टर धाकट्या काकांच्या काखेंत. पण त्याची खुंटी फिरवून स्टेशन लावणें पांच वर्षांच्या पोरालाही जमे. पैसे आजोबांच्या बटव्यांत. एसटीच्या वेळा एका चिठ्ठीवर लिहिलेल्या, आणि ती चिठ्ठी ज्याला सांपडेल त्याच्या खिशांत. 'आग्फा क्लिक थ्री' कॅमेरा असलाच तर तो शेजाऱ्यांकडून मागून आणलेला. त्याच्या एका रोलवर बारा चित्रें निघत, आणि बारा म्हणजे बाराच. त्यामुळें फोटो केव्हां काढावा व त्यांत कोणी उभें राहावें याविषयीं साऱ्या घराची मसलत होई. या वस्तु एकट्याच्या नव्हत्या, घराच्या होत्या. जी ज्याच्या हातीं पडे ती त्याला चालवितां येई, आणि येत नसेल तर शेजारीं बसलेल्याकडून तेव्हांच शिकतां येई.

त्यांचे पोवाडे गाण्याचा मात्र आमचा हेतु नाहीं. स्टोव्ह भडकून घरांत काय होतें हें ज्यांनीं पाहिलें आहे ते त्याचें नांवही काढणार नाहींत. आणि रोल धुवून आल्यावर बारांपैकीं अकरा चित्रें वांयां गेल्याचें दुःख आमच्या पिढीस चांगलेंच परिचित आहे.

आतां आजची सहल पाहा. वाट दाखविणारा नकाशा, खोलीचें आरक्षण, प्रवेशाचीं तिकिटें, पैसे, कॅमेरा, गाणीं, विजेरी, नातलगांचे नंबर, सगळें एका मोबाईलमध्यें. आणि तो मोबाईल उघडतो एकाच अंगठ्यानें. घरांत मोबाईल चार असतील, तरी सहलीचा मोबाईल एकच असतो. तो बहुधा वडिलांचा किंवा मिळवत्या मुलाचा. आईच्या वांट्यास येतो तो आधीं दुसऱ्या कोणी वापरून सोडलेला, कांचेस तडा गेलेला. पहाटे चारला उठून साऱ्यांचा डबा तिनें बांधलेला असतो. पण फाटकापाशीं 'चार तिकिटें द्या' असें म्हणण्याची सोय तिच्यापाशीं उरलेली नसते. आणि ज्याच्या हातांत तो मोबाईल असतो, तो तरी सहलीस आलेला असतो काय? तो बिचारा कारकून म्हणून आलेला असतो. रस्ता पाहा, पैसे भर, संदेश आला काय तें बघ, बॅटरी किती उरली तें बघ. धबधब्याकडे त्याची पाठ असते, कारण बाकीच्यांचा फोटो त्यालाच काढावयाचा असतो.

राजूर सोडून डोंगराची वाट लागली कीं कित्येक ठिकाणीं रेंज जाते. मग 'मोबाईल रस्ता विसरला' असें आपण म्हणतों. विद्यार्थ्यांनो, तेथें खरें काय घडतें हें नीट समजून घ्या. आपण कोठें आहों हें मोबाईलला ज्यांच्यामुळें कळतें, ते उपग्रह पृथ्वीपासून सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात. मोबाईल त्यांस कांहीं पाठवीत नाहीं. चार किंवा अधिक उपग्रहांचे संकेत तो नुसते ऐकतो, आणि ते पोहोंचण्यास लागलेल्या वेळाच्या हिशेबानें आपलें ठिकाण ठरवितो. यास मनोऱ्याची गरज नाहीं. रेंज गेल्यावर नाहींसें होतें तें आपलें ठिकाण नव्हे, तर त्याच्याखालचें रस्त्यांचें चित्र. कारण तें चित्र गाडी पुढें जाईल तसतसें इंटरनेटवरून येत असतें. तेंच चित्र घरून निघण्यापूर्वीं मोबाईलमध्यें उतरवून घेतलें, तर रेंज नसतांनाही वाट दिसत राहते.

दुसरी गोष्ट बॅटरीची. रेंज क्षीण झाली कीं मोबाईल अधिक जोर लावून मनोऱ्याशीं बोलूं पाहतो. मुळींच नसली तर तो पुन्हां पुन्हां मनोरा धुंडाळीत राहतो, आणि त्यांत बॅटरी झपाट्यानें उतरते. म्हणजे ज्या रानांत त्याची गरज सर्वांत अधिक, तेथेंच तो लौकर दमतो. अशा वेळीं मोबाईल विमानांत ठेवतात त्या स्थितींत ठेवावा. बॅटरी वांचते, आणि बहुतेक मोबाईलांत उपग्रहांचे संकेत ऐकण्याचें काम तरीही चालूं राहतें. हें समजण्यास सातवीची बुद्धि पुरे. पण दुकानदार हें सांगत नाहीं. तो कॅमेरा किती मेगापिक्सेलचा आहे तें सांगतो.

पैशाची कथा याहून निराळी आहे. गेल्या वर्षीं अशाच एका प्रेक्षणीय स्थळाच्या फाटकावर आम्हीं पाहिलेला प्रकार सांगतों. फाटकावरच्या माणसानें रोख पैसे घेण्यास नकार दिला आणि खांबावर चिकटविलेल्या काळ्या-पांढऱ्या चौकोनाकडे बोट केलें. रेंज नव्हती. कुटुंबप्रमुख मोबाईल उंच धरून शेजारच्या टेकाडावर चढला, उतरला, पुन्हां चढला. मागें गाड्यांची रांग लागली, भोंगे वाजूं लागले. मोटारीच्या दाराशीं एक वृद्ध गृहस्थ उभे होते. डोईवर टोपी, हातांत बटवा, आणि बटव्यांतून काढलेली पांचशेंची नोट. 'अहो, हे घ्या ना पैसे,' असें ते दोनदां म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले नाहींत. नातवानें त्यांस 'आबा, तुम्ही गाडीत बसा बरं,' असें सांगितलें. तें त्यानें प्रेमानेंच सांगितलें. आबा गाडींत जाऊन बसले. पुढें पैसे गेले, फाटक उघडलें, धबधबाही पाहून झाला असेल. परंतु ज्या माणसानें घरच्या प्रत्येक लग्नांत, जत्रेंत आणि सहलींत बटवा सांभाळला, तो त्या दिवशीं सामानापैकीं एक झाला होता.

ज्या नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांचें वचन छापलेलें असतें, ती नोट आपल्याच जिल्ह्यांतील एका फाटकावर चालूं नये, हें आम्हांस कोणत्याही सोयीच्या नांवाखालीं पटत नाहीं. यूपीआयची पद्धत २०१६ सालीं सुरू झाली, आणि तिनें केलेलें काम लहान नव्हे. भाजीवाल्या बाईंची सुट्या पैशांची ददात मिटली, परगांवीं शिकणाऱ्या मुलास पैसे पाठविण्यासाठीं रांगेंत उभें राहणें सुटलें. साध्या मोबाईलवरूनही पैसे देतां यावेत अशी सोय २०२२ सालीं झाली. एकाच्या खात्यांतून घरच्या दुसऱ्या विश्वासू माणसास ठराविक मर्यादेपर्यंत, आपल्याच मोबाईलवरून, पैसे देतां यावेत ही योजना २०२४ सालीं आली. घर हें एकट्याचें नसतें, हें लक्षांत येण्यास आठ वर्षें लागलीं म्हणावयाचीं! उशिरा कां होईना, तें लक्षांत आलें हें चांगलें झालें. ही योजना आपापल्या बँकेंत जाऊन समजून घ्यावी, आणि घरच्या बाईस व वडीलधाऱ्यांस तिचा उपयोग करूं द्यावा. पिन मात्र कोणी कोणास सांगूं नये; आमचें भांडण कुलपाशीं नाहीं. पैसा कुलपांतच असावा. साऱ्या घराची भाकरी, वाट आणि आठवण हींही त्याच कुलपांत कां असावींत, एवढाच आमचा प्रश्न आहे.

आठवण हा शब्द आम्हीं उगाच घातलेला नाहीं. आमच्या परिचयाच्या एका घरीं वडील अकस्मात् वारले. त्यांच्या शेवटच्या सहलीचे सगळे फोटो त्यांच्याच मोबाईलमध्यें राहिले, कारण फोटो काढणारे नेहमीं तेच. तो मोबाईल कपाटांत आहे. मुलगा दर आठवड्यास तो काढून चार्ज करतो आणि पुन्हां ठेवून देतो. उघडतां येत नाहीं. पुन्हां पुन्हां चुकीचे आंकडे दाबले तर आंतलें सगळें पुसलें जाईल असें कोणी सांगितल्यापासून तो आंकडेही दाबीत नाहीं. ट्रंकेंतल्या जुन्या आल्बमला कुलूप नव्हतें. त्याचीं पानें किड्यांनीं खाल्लीं असतील, पण तीं कोणालाही उलटतां येत.

यावर उपाय आहे, आणि तो फुकट आहे. आपल्यामागें आपलें खातें कोणीं उघडावें हें आधीं नेमून ठेवण्याची सोय गूगलनें २०१३ सालीं आणि ॲपलनें २०२१ सालीं केली. गूगलचें खातें दोन वर्षें कोणीं उघडलें नाहीं तर तें पुसून टाकण्याचा नियमही २०२३ सालीं ठरला, हें बहुतेकांस माहीत नसतें. आमच्या घरोघरच्या मोबाईलांत हीं नांवें नेमलेलीं असतील असें आम्हांस वाटत नाहीं. मृत्यूचा विषय काढणें अशुभ, अशी समजूत आडवी येते. जमिनीच्या सातबाऱ्यावर वारसांचीं नांवें लागावींत म्हणून तलाठ्याकडे खेटे घालणारे आपण लोक. मुलाबाळांच्या चेहऱ्यांचा वारस नेमण्यास मात्र लाजतों.

मोबाईल घरीं ठेवून सहलीस जा, असा उपदेश आम्ही करणार नाहीं. पाय मुरगळलेल्या माणसास कड्याखालून आणावयाचें असेल तेव्हां त्याची किंमत कळते. ११२ हा आपत्तीचा क्रमांक तर आपल्या कंपनीची रेंज नसतांही दुसऱ्या कंपनीच्या मनोऱ्यावरून लागूं शकतो. हा क्रमांक घरांतील सर्वांत लहान मुलासही पाठ असावा. त्याबरोबरच आई-वडिलांचे क्रमांकही पाठ असावेत. आम्हीं एकदां वर्गांत विचारलें, तेव्हां एकेचाळीस मुलांपैकीं नऊ जणांस वडिलांचा क्रमांक तोंडपाठ होता. हातांत मोबाईल असतांना पाठ कशाला करावयाचा, असें बाकीच्यांचें म्हणणें. धबधब्याच्या गर्दींत हात सुटला तर मोबाईल नेमका ज्याच्या खिशांत असावयाचा तोच हरवलेला असतो, हें त्यांच्या ध्यानांत आलेलें नव्हतें.

मुख्य दोष आम्ही यंत्रास देत नाहीं, तें वापरणाऱ्या कुटुंबासही देत नाहीं. ज्यांनीं फाटकावर दुसरी खिडकी ठेविली नाहीं, ज्यांनीं खाणावळींतील पदार्थांची छापील यादी काढून टाकून तेथें तो चौकोन चिकटविला, ज्यांनीं आजीबाईंस 'ऑनलाईन करून या' एवढेंच सांगितलें, त्यांचा दोष मोठा आहे. एक खिडकी, एक माणूस आणि गल्ल्यांत थोडे सुटे पैसे, यास कितीसा खर्च येतो? ज्या पालकांचा ग्रामपंचायतींत, वनसमितींत किंवा हॉटेलाच्या धंद्यांत हात आहे, आणि आमच्या शाळेच्या पालकांत असे पुष्कळ आहेत, त्यांनीं हा प्रश्न तेथें काढावा.

घरापुरतें पाहावयाचें तर कामें पुन्हां वांटून द्यावींत. आजोबांच्या बटव्यांत रोख रक्कम, आईच्या मोबाईलमध्यें उतरवून घेतलेला नकाशा, आरक्षणाचा छापील कागद थोरल्या मुलाकडे, पॉवर बँक धाकट्याच्या पिशवींत. फोटो दिवसांतून एक तास आजीनें काढावेत. ते वांकडे येतील, पण त्यांत वडील दिसतील.

यंदा दिवाळीच्या सुटीपूर्वीं आम्हीं सातवीच्या वर्गास एक काम दिलें होतें. आपल्या सहलीची वाट घरच्या वडील माणसांस विचारून वहीच्या एका पानावर लिहून आणावयाची. मोबाईलमध्यें पाहावयाची नाहीं. बहुतेकांनीं गांवांचीं नांवें ओळीनें लिहून आणलीं. एका मुलीनें संगमनेरापासून शेंडीपर्यंतचा रस्ता आजोबांस विचारून लिहिला. त्यांत पाणी कोठें भरून घ्यावें, कोणत्या वळणावर गाडी हळू न्यावी आणि राजुरास पेढे घेतल्याशिवाय कां निघूं नये, हें सगळें आहे. पानाच्या तळाशीं आजोबांनीं स्वतःच्या अक्षरांत आणखी दोन ओळी घातल्या आहेत, आणि त्यांखालीं आपली सही केली आहे.