‘उरलेले’ पैसे नेमके किती?



पगारातून ‘उरलेल्या’ पैशांतून दरमहा ५,००० रुपयांचे बिटकॉइन घ्यावे, असे गेल्या अंकातील पत्रात वाचले. उरलेले म्हणजे कोणते? भाडे, किराणा, शाळेची फी भागली की पत्रलेखकाचा हिशेब संपतो. विम्याचा वार्षिक हप्ता, दिवाळी, आईचा मोतीबिंदू त्यात नाहीतच. आमच्याकडे बारा महिन्यांची वही मांडली तेव्हा पाचाचे दीड हजार झाले. तेवढे मी दरमहा घालते. म्हणजे मी काही विरोधक नव्हे.

पण म्युच्युअल फंडाच्या एसआयपीशी केलेली तुलना पटली नाही. एप्रिल २०२२पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, वर उपकर. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही, पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. विकताना १ टक्का टीडीएस कापतात. (तो हिशेबात वळता होतो, पण विवरणपत्र भरल्यावर!) नोव्हेंबर २०२१मध्ये ६९ हजार डॉलरच्या आसपास पोहोचलेला बिटकॉइन वर्षभरात १६ हजारांखाली आला होता. नेमकी तेव्हाच घरात कुणाची नोकरी गेली असती तर? अडीअडचणीसाठी बाजूला ठेवायच्या रकमेबद्दल पत्रात अवाक्षरही नाही.

– एक वाचक, डोंबिवली