न टोंचणारी सुई

सुई म्हटली कीं ती टोंचावयाचीच, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. चिनी सूचिचिकित्सेचा इतिहास पाहिला म्हणजे मात्र ही समजूत सोडून द्यावी लागते. ‘लिंगशू’ या सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींच्या चिनी वैद्यकग्रंथांत नऊ प्रकारच्या सुया सांगितल्या आहेत. त्यांपैकीं एक तिधारी असून ती रक्त काढण्याकरितां आहे. एक तलवारीच्या पात्यासारखी असून तिनें गळवांतील पू काढावयाचा. आणि एकीचें टोंक डांसाच्या सोंडेसारखें बारीक आहे. परंतु दोन सुया अशा आहेत कीं त्या कातडीच्या आंत शिरतच नाहींत. एकीचें टोंक अंड्यासारखें वाटोळें. ती अंगावरून फिरवावयाची. दुसरीचें टोंक राळ्याच्या दाण्याएवढें. तिनें नुसतें दाबावयाचें. काशाच्या वाटीनें तळपाय घासून घेणाऱ्या आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांना यांत नवल वाटणार नाहीं.

1968 सालीं हबेई प्रांतांत मानचंग येथें ल्यू शंग या मांडलिक राजाची कबर सांपडली. तो इसवी सनापूर्वीं 113 मध्यें वारला होता. त्या कबरींत चार सोन्याच्या व पांच रुप्याच्या सुया निघाल्या. सामान्य वैद्याला अर्थात् सोनें परवडत नसे. यांग जीचौ याचा 1601 सालचा प्रसिद्ध ग्रंथ सांगतो कीं, सुईसाठीं घोड्याच्या लगामाची जुनी लोखंडी कडी घ्यावी. कारण तें लोखंड निर्विष असतें, असें त्या काळीं मानीत. त्याची तार काढावयाची, आणि ती औषधी द्रव्यांत उकळावयाची. टोंकही वाजवीपेक्षां अधिक तीक्ष्ण करून चालत नसे. कारण फार बारीक टोंक लवकर वळतें आणि वळलेलें टोंक रोग्यास दुखवितें. म्हणून सुई कापसांतून ओढून पाहत. एखादा तंतु अडकला कीं पुनः घासावयाची.

ही हातची सुई आज जवळजवळ नाहींशी झाली आहे, आणि तें योग्यच झालें. एकाच्या अंगांतून काढलेली सुई नीट निर्जंतुक न करितां दुसऱ्यास टोंचल्यामुळें कावीळीचा हिपॅटायटिस बी हा प्रकार पसरल्याचीं उदाहरणें नमूद आहेत. एकदांच वापरून टाकून द्यावयाची यंत्राची पोलादी सुई आली, त्यांत कारागिराचें नुकसान झालें खरें. परंतु रोग्याचा जीव सुरक्षित झाला.

मात्र त्या दोन बोथट सुयांना हा दोष लागत नाहीं. जपानांत त्यांच्यापासून निघालेलीं सोन्याचीं, रुप्याचीं व तांब्याचीं लहान हत्यारें अजून वापरतात. मुलांच्या अंगावरून तर तींच हलक्या हातानें फिरवितात. येथें कारागिराच्या हाताला अद्यापि जागा आहे. कानशीनें आकार द्यावयाचा, पॉलिशकागदानें उत्तरोत्तर बारीक घासावयाचें, आणि शेवटीं स्वतःच्या मनगटावर फिरवून पाहावयाचें. एवढीशी कोर राहिली तरी ती कातडीला कळते.

ज्या नाड्यांच्या कल्पनेवर ही चिकित्सा उभी आहे, त्या नाड्या शरीरशास्त्राला सांपडलेल्या नाहींत. तेव्हां अशा हत्यारापासून रोगनाशाची अपेक्षा करूं नये. जखमेवर किंवा सुजेवर तें फिरवूं नये. आणि टोंचणारी सुई, मग ती कितीही सुबक असो, घरीं हातांत घेऊं नये. आंत शिरणारें हत्यार यंत्राचें व निर्जंतुक असावें. वरून फिरणारें हातचें असलें तरी चालेल, एवढा विवेक गृहस्थानें ठेवला म्हणजे पुरे.