खिचडीच्या जागी बिस्किटाचा पुडा?



पाऊस लागला, शाळा उघडल्या. पाड्यापाड्यांत सध्या वनहक्काचे दावे भरायची गडबड आहे. दंडाच्या पावत्या शोधायच्या, म्हाताऱ्यांचे जबाब लिहून घ्यायचे, समितीने स्वतः जाऊन प्लॉट पाहायचे. या धांदलीत पोरांच्या खिचडीचा विषय मध्येच कशाला, असं कुणाला वाटेल. आम्ही तो मुद्दाम काढतोय. जमिनीच्या दाव्यावर नजर ठेवताना पोरांच्या ताटातलं कुणी उचलून नेलं, असं व्हायला नको.

झालं ते असं. बिस्किट बनवणाऱ्या कारखानदारांच्या संघटनेने देशातल्या खासदारांना पत्रं पाठवली. म्हणणं एवढंच, की शाळेत शिजवलेलं जेवण देण्याऐवजी बिस्किटाचे पुडे द्या. बिस्किटात जीवनसत्त्वं घालता येतात, ती स्वच्छ असतात, टिकतात, वाटायला सोपी. यावर 29 खासदारांनी दिल्लीच्या तेव्हाच्या मनुष्यबळ विकास मंत्र्यांना, अर्जुनसिंगांना, तशी शिफारस केली. एका पक्षाचे नव्हेत, वेगवेगळ्या पक्षांचे. मंत्रालयाने राज्यांना आणि जाणकारांना विचारलं. राज्यांनी नको म्हटलं आणि मागणी मागे पडली. ही बातमी 2008 मध्ये पेपरात आली म्हणून आपल्याला कळली. नाहीतर पुडे दारात आल्यावरच कळलं असतं.

या सगळ्याला एक गोड नाव आहे: भागीदारी. सरकार आणि उद्योग मिळून मुलांचं आरोग्य सुधारणार. भागीदारी काय असते हे आपल्याला कुणी शिकवायला नको. अर्धेलीने शेती केलेले लोक आहोत आपण. जमीन आपल्या बापाची, घाम आपला, आणि खळ्यावर पहिलं माप सावकाराचं. या नव्या भागीदारीतही तसंच आहे. पोरं आपली, पैसा सरकारचा म्हणजे जनतेचा, आणि नफा कारखान्याचा. देशातल्या कोट्यवधी पोरांना वर्षातले दोनशे दिवस आपला माल खायला लावणं, असं गिऱ्हाईक बाजारात फिरून मिळत नाही. शिवाय लहानपणी जिभेला लागलेली चव जन्मभर सुटत नाही.

आता बिस्किटात असतं काय ते पाहू. मैदा, साखर, वनस्पती तेल. शाळेच्या जेवणातून पहिली ते पाचवीच्या पोराला रोज 450 उष्मांक आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळाली पाहिजेत, असा नियम आहे. शंभर ग्रॅम साधी बिस्किटं खाल्ली तर उष्मांक जवळपास भरतात, पण प्रथिनं सहा-सात ग्रॅमच, म्हणजे निम्मी. डाळ नाही, भाजी नाही. पोट भरल्यासारखं वाटतं आणि अंग भरत नाही. आपल्या नागलीत, वरईत, उडदात, कुळथात जे आहे, पावसाळ्यात रानातून येणाऱ्या शेवळी-टाकळ्यात जे आहे, ते पुड्यात बसत नाही.

शिजवलेलं जेवण आपल्याला फुकटात मिळालेलं नाही. 1995 साली योजना सुरू झाली तेव्हा हजेरी भरली तर महिन्याला तीन किलो धान्य घरी मिळायचं. ते घरातल्या सगळ्यांत वाटलं जायचं, पोराच्या वाट्याला किती यायचं ते आई जाणे. पुढे देशातल्या उपासमारीबद्दल लोक सुप्रीम कोर्टात गेले. कोर्टाने 28 नोव्हेंबर 2001 ला आदेश दिला, की सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळेत शिजवलेलंच अन्न द्या, वर्षातून निदान दोनशे दिवस. 2004 च्या एप्रिलमध्ये कोर्टाने आणखी एक सांगितलं, की जेवण शिजवायला दलित आणि आदिवासींना प्राधान्य द्या. आता तर ही योजना आठवीपर्यंत गेली आहे.

या आदेशाचा अर्थ आपण नीट समजून घेतला पाहिजे. गावात चूल पेटते तेव्हा पाड्यावरच्या दोन बायांना काम मिळतं. सगळ्या जातीची पोरं एका रांगेत बसतात आणि आदिवासी बाईच्या हातचं खातात. भात कच्चा राहिला तर पोरगं घरी येऊन सांगतं आणि आई शाळेत जाऊन विचारते. पुडा दूरच्या कारखान्यातून येतो. त्यात काय घातलं, कधी घातलं, हे कुणाला विचारणार? मास्तरलाही माहीत नसणार.

आता आपल्या घरचंही बोलू, कारण कारखानदार आपल्या याच दुखऱ्या जागेवर बोट ठेवतात. खिचडी चांगली मिळते का? बऱ्याच पाड्यांवर नाही. तांदळात सोंडे आणि खडे, डाळ पाण्यात शोधावी लागते, भाजी कधीतरी. स्वयंपाकघर नाही, म्हणून व्हरांड्यात तीन दगडांवर शिजतं आणि धूर वर्गात भरतो. शिजवणाऱ्या बाईला महिनोन्‌महिने पैसे मिळत नाहीत, वर लाकूडही तिनेच आणायचं. पावसात लाकूड ओलं असलं की त्या दिवशी सुट्टी. हे सगळं खरं आहे. पण भिंत गळते म्हणून घर विकायचं नसतं, ती नीट करायची असते. खिचडी पातळ असेल तर डाळ वाढवा, बाईचे पैसे द्या, चुलीवर छप्पर घाला. त्यावर पुड्याचा उपाय सांगणाऱ्याला खिचडी सुधारायची नाही, चूल विझवायची आहे.

पुड्यातलं अन्न आपण पाहिलेलंच आहे. अंगणवाडीत सुकडीची पाकिटं यायची, तिचं काय झालं ते कुठल्याही बाईला विचारा. पोरं तोंड वाकडं करायची आणि शेळ्या खायच्या. कागदावर मात्र सगळ्या पोरांनी खाल्लेली असायची. अंगणवाडीच्या आहारासाठी ठेकेदार नकोत, तो गावच्या महिला मंडळांनी आणि बचत गटांनी बनवावा, हेसुद्धा सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर 2004 मध्ये सांगितलेलं आहे. आदेश आपल्या बाजूचा आहे, तो चालवायला मात्र आपणच जावं लागतं.

1992 साली जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला पोरं कुपोषणाने दगावली, ते आपण विसरलेलो नाही. तेव्हा या कारखानदारांना आपल्या पोरांच्या तब्येतीची आठवण झाल्याचं आम्ही तरी ऐकलं नाही. पोरं दगावली कारण घरात दाणा नव्हता. जमिनीवर फॉरेस्टचा दावा, रानात गार्डाचा पहारा, आणि दिवाळीनंतर वीटभट्टीशिवाय दुसरं काम नाही. म्हणून आम्ही म्हणतो, कुपोषणाचं खरं औषध सातबारावर आहे. प्लॉट नावावर झाला, नागली-वरई निर्धास्त पेरता आली, रानातला कंद-भाजी-मोह हक्काने आणता आला, तर पोराच्या तब्येतीसाठी कुठल्या भागीदाराची गरज लागणार नाही. तोवर शाळेतली चूल टिकवायची, आणि नंतरही.

म्हणून प्रत्येक पाड्यावर एवढं कराच:

एक. आठवड्यातून एक दिवस दोन आयांनी जेवणाच्या वेळी शाळेत जायचं. पहिली ते पाचवीला प्रत्येक पोरामागे रोज 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ आणि 50 ग्रॅम भाजी. चाळीस पोरं हजर असली तर चार किलो तांदूळ, पाऊण किलोच्या वर डाळ, दोन किलो भाजी. तराजू घेऊन जा, आणि जे भरलं ते वहीत लिहा.

दोन. शिजवणाऱ्या बाईचे किती महिन्यांचे पैसे थकले ते लिहून आणा. पुढच्या मोर्च्यात ती यादी तहसीलदाराला देऊ.

तीन. शाळेला, अंगणवाडीला जागा नसेल आणि फॉरेस्टची हरकत सांगितली जात असेल, तर कायदा वाचून दाखवा. वनहक्क कायद्याच्या कलम 3(2) प्रमाणे शाळा आणि अंगणवाडीसाठी एक हेक्टरच्या आत वनजमीन देता येते, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तुटणार नसतील तर. त्याला ग्रामसभेची शिफारस लागते. दाव्यांची ग्रामसभा बसेल तेव्हाच हाही ठराव करा.

चार. त्याच ग्रामसभेत दुसरा ठराव: आमच्या शाळेत आणि अंगणवाडीत गावात शिजवलेलं ताजं अन्नच चालेल, पाकिटातलं नको. त्याची एक नक्कल आपल्या खासदाराला पाठवा. खासदारांकडे कारखानदारांचं पत्र तेव्हा पोचलं होतं. आपलंही पोचू दे.

जिंदाबाद!