घरदुरुस्ती : नळ ‘चावतो’ तेव्हा



पावसाळा संपता संपता घोडेगावला खालाकडे गेलो होतो. नगरहून औरंगाबादकडे जाणाऱ्या महामार्गावरचं हे गाव जनावरांच्या बाजारासाठी आणि कांद्याच्या लिलावासाठी ओळखलं जातं. शनिशिंगणापूरला वळायचं तेही इथूनच. असरची वेळ झाली म्हणून वुजूला उठलो, तर खाला मागून ओरडली, "बेटा, आधी ती चप्पल घाल, मग नळ सोड. तो नळ चावतो."

"चावतो म्हणजे?"

"हात ओला असला की झिणझिण्या येतात. जास्त नाही, थोडंसंच."

नळाखाली ठेवलेली रबरी चप्पल टाचेला झिजली होती. म्हणजे हे कालपरवाचं नव्हतं. पहिल्या पावसापासून खाला रोज पहाटे त्या चपलेवर उभी राहून वुजू करत होती. भावाने म्हशींसाठी कर्ज काढलं होतं. त्यात बाथरूम फोडायचा खर्च नको, म्हणून ती गप्प. नातीला मात्र ती अंगणात बादली नेऊन आंघोळ घालायची. धोका तिला कळत होता. हिशेबात तिने फक्त स्वतःचा जीव धरला नव्हता.

मी कोरड्या हाताने मेन स्विच बंद केला. भाऊ म्हणाला, "भाईजान, दोनदा माणसं येऊन गेली." वायरमन आला आणि स्विच बदलून गेला. गवंडी आला आणि ओल्या भिंतीवर पुट्टी मारून गेला. दोघांनी आपापलं काम केलं, आणि दुखणं दोघांच्या मधल्या भिंतीत तसंच राहिलं.

माझे अब्बा गवंडी होते आणि मी वायरमन झालो. दोन्ही धंद्यांत निम्मं आयुष्य गेल्यावर एकच सांगतो. ओल आणि करंट ही एका घरातली दोन वेगळी दुखणी समजू नका. भिंतीला ओल आली की आज ना उद्या तिथल्या वायरीचा विचार करावाच लागतो.

‘थोडासा’ करंट म्हणजे किती?

आपल्याकडे घरात 230 व्होल्टचा पुरवठा असतो. माणसाचं अंग कोरडं असेल तर कातडी विजेला बराच विरोध करते. हात ओला आणि पाय अनवाणी ओल्या फरशीवर असले की तो विरोध एकदम घटतो. वुजू आणि आंघोळ करताना आपण नेमके असेच असतो. काल झिणझिण्या देणारा नळ उद्या माणसाला धरून ठेवू शकतो.

"एमसीबी आहे ना, ती पडेल," असं पुष्कळ जण म्हणतात. एमसीबी वायर आणि घर जळू नये म्हणून असते. 16 अँपिअरची एमसीबी पडायला 16 अँपिअरपेक्षा जास्त करंट लागतो. माणसाच्या जिवावर बेतायला त्याच्या कितीतरी पट कमी पुरतो. म्हणून माणसासाठी वेगळं उपकरण आहे, आरसीसीबी. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो का, हे ते सतत तपासतं. फरक 30 मिलिअँपिअरपर्यंत गेला की क्षणात वीज तोडतं. 16 अँपिअरशी तुलना केली तर हा आकडा पाचशे पटींहून लहान आहे. घेताना त्यावर 30 मिलिअँपिअर लिहिलेलं पाहून घ्या. 100 किंवा 300 चं उपकरण आगीपासून बचावासाठी असतं, माणसासाठी नाही. एक लक्षात ठेवा, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारा एकदम हातात आल्या तर आरसीसीबीलाही ते कळत नाही.

भिंतीत काय सापडलं

दुसऱ्या दिवशी गवंडी आणि परवानाधारक वायरमन दोघांना एकाच वेळी बोलावलं. गिलावा फोडला. बाथरूमच्या सांडपाण्याच्या पाइपाचा जोड उघडला होता आणि तिथून पाणी भिंतीत मुरत होतं. वर हातभर अंतरावर पत्र्याची पेटी होती. तिच्यात चिकटपट्टी गुंडाळलेला वायरीचा जोड. ओलीने पट्टीचा गोंद सुटला आणि उघडं तांबं पेटीला टेकलं. पेटी ओल्या भिंतीला लागून, भिंत नळाच्या लोखंडी पाइपाला लागून. अर्थिंगची हिरवी वायर पेटीपर्यंत आली होती, पण कुणीतरी ती कापून आत दुमडून ठेवली होती! ती जोडलेली असती तर करंट भिंतीऐवजी जमिनीत गेला असता आणि बिघाड पहिल्याच दिवशी कळला असता.

शिंगणापुरात घरांना दारं लावत नाहीत, ती तिथल्या लोकांची श्रद्धा. अर्थिंग नसलेलं घर मात्र कुणाच्याही श्रद्धेने सुरक्षित होत नाही.

पाणी कुठून येतं?

अब्बा म्हणायचे, "पाणी कुठून येतं ते आधी बघ, थापी नंतर उचल." हे शोधणं घरच्या घरी जमतं. फक्त त्या भिंतीतली वीज आधी बंद हवी.

• ओल्या जागेवर वीतभर प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावा. दोन दिवसांनी पाहा. थेंब प्लास्टिकच्या मागे असतील तर ओल भिंतीतून येते. पुढच्या बाजूला असतील तर ती खोलीतली वाफ आहे, खिडकी उघडी ठेवा.

• रात्री सगळे नळ बंद करून टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर खूण करा. सकाळी पातळी उतरली असेल तर भरलेल्या पाइपातून किंवा टाकीतून पाणी गळतंय.

• पातळी तशीच असेल तर कपड्यांची नीळ कालवलेलं पाणी मोरीत ओता. एक-दोन दिवसांत भिंतीवर निळसर डाग उमटला तर सांडपाण्याचा जोड फुटलाय.

• ओल जमिनीपासून वर चढत असेल आणि पांढरा लोणा फुटला असेल तर पाणी पायातून येतंय.

पाणी थांबल्याशिवाय गिलावा करू नका. लोणा लागलेला गिलावा पूर्ण काढून टाका, कारण त्यातले क्षार हवेतला ओलावा पुन्हा ओढतात. खालाची भिंत आम्ही सहा आठवडे उघडी ठेवली. मग आधी भिंत भिजवून एक भाग सिमेंट, चार भाग वाळू असा गिलावा केला आणि सात दिवस पाणी मारलं.

जोड उघडला का?

नेवासा तालुक्यात बरीच जमीन काळी. ही माती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला भेगा पडतात. तिच्यावरचा उथळ पाया दरवर्षी थोडा वर-खाली होतो. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते आणि भिंतीतले पाइप जोडाशी सुटतात. म्हणूनच काळ्या मातीत घर बांधताना ती खणून काढून मुरूम भरतात आणि जोत्याला काँक्रीटचा पट्टा देतात.

बांधलेल्या घराला एक उपाय आपल्या हातातला आहे. पायाशी पाणी मुरू देऊ नका. घराभोवती अडीच-तीन फूट रुंदीची, बाहेर उतार असलेली फरशी करा. भांडी घासण्याचं आणि पन्हाळीचं पाणी लांब सोडा.

चीर दिसली की तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहा. एक उन्हाळा आणि एक पावसाळा ती तेवढीच राहिली तर व्ही आकारात खरवडून, धूळ झाडून, भिजवून भरा. पाच मिलिमीटरपेक्षा रुंद असेल, वाढत असेल, आरपार दिसत असेल किंवा दारं अडकायला लागली असतील तर थापी खाली ठेवा आणि इंजिनिअरला बोलवा.

आपण काय करावं, काय नाही

ही रेघ कायद्यानेच आखून दिली आहे. 1956 च्या भारतीय विद्युत नियमांतल्या नियम 45 मध्ये आणि नंतर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2010 च्या विनियमांत सांगितलं होतं की बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच यांसारखी वस्तू तशाच दुसऱ्या वस्तूने बदलणं सोडलं, तर वायरिंगचं काम परवानाधारक विद्युत कंत्राटदारानेच करायचं. म्हणजे मेन बंद करून जळालेला स्विच बदलायला हरकत नाही. नवा पॉइंट काढणं, गिझरची लाइन ओढणं, अर्थिंग करणं हे आपलं काम नाही.

पण त्याचं काम डोळ्यांनी तपासणं आपलं आहे. पाइपाच्या आत वायरीला जोड नको. जोड फक्त पेटीत, आणि तोही कनेक्टरने. हिरवी वायर प्रत्येक पेटीला आणि सॉकेटच्या मोठ्या भोकाला जोडलेली हवी. अर्थिंग म्हणून तीच वायर न्यूट्रलला बांधणं हा जीवघेणा आळस आहे. न्यूट्रल कुठे तुटली तर घरातल्या प्रत्येक पत्र्यात करंट उतरतो. बाथरूमचा बोर्ड ओल्या हाताला लागणार नाही असा बाहेर हवा. आणि स्विचच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत खिळा ठोकू नका. वायरी बहुधा तिथूनच जातात.

टेस्टरवर फार भरवसा नको. तो पेटला नाही म्हणजे वीज नाही असं नाही. आधी चालू सॉकेटमध्ये तो पेटतो का पाहा. मेन बोर्डच ओला असेल तर त्याला हात लावू नका, 1912 ला फोन करा. कुणी चिकटलं तर त्याला धरू नका. आधी मेन बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडाने ढकला आणि लगेच दवाखाना गाठा.

खालाच्या घरी आता नवी लाइन, नीट अर्थिंग आणि आरसीसीबी आहे. आरसीसीबी दोन-तीन हजारांच्या घरात बसली. तिच्यावर टेस्टचं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबायचं. वीज गेली तर उपकरण जिवंत, नाही गेली तर लगेच बदलायचं. खालाने त्यासाठी महिन्याचा पहिला जुमा ठरवलाय आणि बटण नात दाबते.

आज रात्री जेवताना घरात एवढंच विचारा, कुठला नळ, कुठला फ्रिज, कुठली भिंत कुणाला ‘चावते’ का? अम्मीला आणि दादीला आवर्जून विचारा. खर्च नको म्हणून त्याच गप्प बसतात.

पुढच्या महिन्यात इन्शाअल्लाह गच्चीच्या गळतीबद्दल बोलू.