निरुपयोगी ठरविलेली संख्या

पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने १८११ साली संख्यासिद्धांतावरील आपल्या ग्रंथात एक भाकीत केले. २,१४,७४,८३,६४७ ही मूळ संख्या त्या काळी ज्ञात असलेल्या मूळ संख्यांत सर्वांत मोठी होती. तिच्यापासून एकोणीस अंकी परिपूर्ण संख्या मिळते. म्हणजे २८ प्रमाणेच तिचे स्वतःखेरीज सर्व विभाजक मिळविले असता बेरीज तीच येते. असल्या संख्या केवळ कुतूहलाच्या, उपयोगाच्या नव्हेत, तेव्हा यापुढची शोधण्याच्या भरीस बहुधा कोणी पडणार नाही, असे बार्लोचे म्हणणे. १८७६ मध्ये ल्यूकाने ३९ अंकी मूळ संख्या सिद्ध करून ते खोटे पाडले.

दोनाच्या एकतिसाव्या घातातून एक वजा केला की ही संख्या मिळते. ती मूळ असल्याचे ऑयलरने १७७२ च्या सुमारास, दृष्टी जवळजवळ गेलेली असताना, सिद्ध केले. ४६,३४० पर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी भागून पाहणे हा सरळ मार्ग. परंतु तिच्या कोणत्याही विभाजकास २४८ ने भागल्यास बाकी १ किंवा ६३ च उरली पाहिजे, हे ऑयलरने ओळखले आणि काम चारशेहून कमी संख्यांवर आणले. खरी बुद्धी आहे ती या काटकसरीत.

उपयोग पुढे दीडदोनशे वर्षांनी निघाला. संगणकाकडून यदृच्छ संख्या मिळविण्याची एक प्रसिद्ध रीत अशी : आधीच्या संख्येस १६,८०७ ने गुणावे, आपल्या संख्येने भागावे, बाकी घ्यावी. एक ते २,१४,७४,८३,६४६ यांतील प्रत्येक संख्या एकेकदा येऊन गेल्यावाचून पुनरावृत्ती होत नाही. भाजक मूळ आहे म्हणूनच हे साधते. १९८८ मध्ये पार्क आणि मिलर यांनी ही रीत किमान प्रमाण म्हणून सुचविली. बाजाराच्या चढउतारांची कृत्रिम प्रतिकृती करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांना अशा रीतींवाचून चालत नाही. (बत्तीस द्विमान स्थानांच्या संगणकीय घड्याळांची मर्यादाही हीच संख्या आहे व ती १९ जानेवारी २०३८ रोजी संपेल, हे खरे, पण तिचा मूळ असण्याशी संबंध नाही.)

२०२०-२१ साली भारताचा संशोधन व विकास यांवरील खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता. एवढ्या तुटपुंज्या रकमेत निवड कठोरच हवी, हा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड वाटतो. तथापि तीन वर्षांत काय लाभ होणार, असा रकाना शुद्ध गणिताच्या अर्जात ठेवणे म्हणजे बार्लोलाच परीक्षक नेमणे होय. ऑयलरने त्या रकान्यात काय लिहिले असते? कर्ज देणारी पेढी परतफेडीची मुदत विचारते, कारण पैसा ठेवीदारांचा असतो व परतावा तिला स्वतःला हवा असतो. ज्ञानाचा परतावा मात्र कोणाच्या हाती व केव्हा पडेल हे ठरलेले नसते. म्हणून तर तो खर्च खाजगी भांडवल टाळते आणि सरकारवर येऊन पडतो. तेव्हा अनुदानाचा काही ठरावीक हिस्सा या रकान्यातून मुक्त करून, केवळ सिद्धतेच्या गुणवत्तेवर, त्या विषयातील जाणकारांकरवी वाटला जावा.